अठरा पूर्ण झाली, लायसन्ससाठी घरच्यांच्या 'हो'ची वाट बघतेय

अठरा_पूर्ण | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

जूनमध्ये मला अठरा पूर्ण झाली. आम्ही कोरेगावजवळच्या एका गावात राहतो, माझं कॉलेज साताऱ्यात, एफ.वाय.ला आहे. घरापासून फाटा तीन किलोमीटर, तिथून साताऱ्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून पैशांचं ओझं राहिलं नाही, ओझं वेळेचं आहे. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं तेव्हा सव्वापाचची गाडी गेलेली असते. पुढची सातची. ती फाट्यावर सोडते तोवर अंधार पडतो. तिथून न्यायला बाबा येतात, शेतातलं काम टाकून. एखाद्या दिवशी आमची पाण्याची पाळी असते, लाइट नेमकी तेव्हाच आलेली असते, मग मी फाट्यावर बंद टपरीपाशी अर्धा-पाऊण तास उभी.

घरी स्कूटर आहे. आईच्या नावावर आहे, चालवतो दादा. दादा पंधराव्या वर्षी बाबांची मोटरसायकल घेऊन डेअरीला दूध घालायला जायचा. त्याने परवानगी मागितली नव्हती आणि कुणी ती विचारलीही नव्हती. मी मात्र अठरा होईपर्यंत हँडलला हात लावला नाही, कारण नियम मला पटला होता. आता विचारलं तर बाबा म्हणतात, "बघू दिवाळीनंतर." मागच्या वर्षी "बघू बारावी झाल्यावर" होतं.

शिकाऊ लायसन्स आता आधारवरून घरबसल्या निघतं. पण माझ्या आधारला मोबाइल नंबर बाबांचा जोडलेला आहे. परवा सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर आधार नंबर टाकला, 'ओटीपी पाठवा' दिसलं आणि तिथेच थांबले. तो ओटीपी बाबांच्या खिशात वाजणार.

तुमच्या घरी कसं झालं? घरचे कशाने तयार झाले?

रानवारा | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

आधार केंद्रात जा आणि तुझा स्वतःचा नंबर जोड. बोटांचे ठसे घेतात, बाबांची गरज लागत नाही. मग ओटीपी तुझ्याच मोबाइलवर. अठरा झाली म्हणजे झाली, वाट कसली बघतेस?

काळा_कोट | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

कायद्यापुरतं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४ : अठरा पूर्ण झाल्यावर खासगी दुचाकी किंवा कार चालवण्यासाठी कुणाच्याही संमतीची अट नाही. पालकांची लेखी संमती लागते ती कलम ७ खाली, सोळा ते अठरा वयाच्या मुलांना बिनगिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स देताना. तुला ती लागू नाही. तुझं वय आजच्या तारखेला पुरेसं आहे.

आधार वापरायचं नसेल तर दुसरी वाटही आहे. अर्ज भरून तारीख घ्यायची आणि परीक्षा आरटीओत जाऊन द्यायची. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तू तिशीच्या आतली आहेस, त्यामुळे पक्कं लायसन्स थेट तुझ्या चाळिशीपर्यंत चालेल.

एक सल्ला. अर्ज करताना बिनगिअरवर थांबू नकोस, गिअरसह मोटरसायकल आणि कार हे दोन्ही प्रकार टाक. फी थोडी वाढते, पण नंतरचा हेलपाटा वाचतो.

अठरा_पूर्ण | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

धन्यवाद सर. कायदा माझ्या बाजूने आहे हे अंदाजाने माहीत होतं, आता नीट कळलं.

रानवारा, तू म्हणतोस तो मार्ग मलाही सुचला होता. पण लायसन्स माझं निघालं तरी स्कूटरची किल्ली घरातल्या खुंटीलाच असणार. चोरून काढलेल्या लायसन्सवर किल्ली कशी मागू? मला बाबांना हरवायचं नाहीये. मला साडेपाचला निघून सहाला घरी पोचायचं आहे.

यष्टीवाले_काका | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

पोरी, तुझा रस्ता माझ्या पायाखालचा. २९ वर्षं महामंडळाची गाडी चालवली, त्यातली बरीचशी सातारा भागात. माहुलीच्या पुलापासून त्रिपुटीपर्यंत कुठं झाड वाकलंय ते अजून डोळ्यापुढं आहे. अपघाताची नोंद नाही, याचं मला समाधान आहे.

बाबा कशाला भितात ते मी सांगतो, कारण मीही त्यालाच भ्यालो. कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबतो. मागं रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं झाकलेला. टायर बसला की ट्रॉली रस्त्यातच उभी करतात, चाकाला मोठाले दगड लावतात. दुरुस्ती झाली की ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. मोठ्या गाडीला त्या दगडाचं काही वाटत नाही. दुचाकीचं पुढचं चाक मात्र त्याच्यावर गेलं की माणूस गेला. त्यात समोरनं कुणी हेडलाइटचा अपर मारत आला की चार-पाच सेकंद डोळ्यापुढं नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात दगड दिसत नाही.

म्हणून 'दिवाळीनंतर' हे उत्तर मला उलटं वाटतं. दिवाळीनंतर हंगाम जोरात असतो. शिकायचं तर आत्ता, रस्ता मोकळा आहे तोवर. बाबांना असं सांगून बघ.

आणि एक विचारतो, राग मानू नकोस. बाबांचं स्वतःचं लायसन चालू आहे का?

दोन_मुलींचा_बाप | ४ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी इचलकरंजीचा. थोरली एकोणीसची आहे आणि मी अजून तिला गाडी दिलेली नाही, म्हणून बापाची बाजू मांडतो.

मला तिच्या चालवण्याची भीती नाही, ती माझ्यापेक्षा सावध आहे. मला भीती गाडी बंद पडण्याची आहे. मुलगा रात्री आठला पंक्चर होऊन थांबला तर कुणी वळून बघत नाही. मुलगी थांबली तर चार जण 'मदतीला' उभे राहतात. हे चूक आहे, मला मान्य आहे. पण रस्त्यावर आहे ते आहे. बसमध्ये निदान चाळीस माणसं असतात.

अठरा_पूर्ण | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

इचलकरंजीचे काका, तुमचं म्हणणं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच यांच्याही मनात असणार.

पण एक सांगू? मी आत्ताही रोज अंधारात रस्त्याकडेला उभीच असते. बस मला घरापर्यंत आणत नाही, फाट्यावर आणते. तिथे चाळीस माणसं नसतात. ज्या उभं राहण्याची तुम्हाला भीती वाटते, ते उभं राहणं संपावं म्हणूनच मी गाडी मागतेय.

दोन_मुलींचा_बाप | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

याला माझ्याकडे उत्तर नाही. विचार करतो.

कोथरूडची_आई | ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

आमच्याकडे उलट आहे. मुलगा सोळा पूर्ण, अकरावीत. क्लास रात्री नऊला सुटतो. सोसायटीतली त्याच्या वयाची निम्मी मुलं स्कूटरवर जातात, त्यांचे आईवडील वरून हात हलवतात. मी 'नाही' म्हणते तर मीच वाईट. मे २०२४ मध्ये इथे पुण्यातच कल्याणीनगरला पोर्शे गाडीचा अपघात झाला त्यानंतर दोन महिने सगळे घाबरले होते. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात ती गाडी होती, दोन तरुण इंजिनिअर गेले. आता पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

काळा_कोट, सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते म्हणता, मग स्कूटर का नाही? आणि त्या लायसन्स न लागणाऱ्या इलेक्ट्रिकचं काय?

काळा_कोट | ५ ऑगस्ट, दुपारी ४:४५

हा गैरसमज घरोघरी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सोळा ते अठराला जी सूट आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला. लूनाच्या काळात त्याला अर्थ होता. आज आपल्या दारातल्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. गिअर नसला तरी त्या या सुटीत बसत नाहीत. ५० सीसीची नवी पेट्रोल स्कूटर दुकानात मिळत नाही, त्यामुळे ती सूट आता कागदावर उरली आहे. सोळाच्या मुलाला स्कूटर देणं म्हणजे विनालायसन्स देणंच.

इलेक्ट्रिकमध्ये ज्याची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, त्यालाच लायसन्स, नोंदणी लागत नाही. त्याहून जोरात पळणारी गाडी 'लायसन्स लागत नाही' म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि कलम १९९अ. २०१९ च्या दुरुस्तीने आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाची पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी रोखायचा सगळा प्रयत्न केला' हे पालकांनी सिद्ध करायचं असतं. वरून हात हलवणाऱ्यांना ते सिद्ध करता येणार नाही.

नाव_नको | ५ ऑगस्ट, रात्री ११:५५

वरचा प्रतिसाद वाचून लिहितेय. हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

आमचा मुलगा साडेसोळाचा होता. स्कूटर माझ्या नावावर. पाहुणे आले होते, दही संपलं होतं. मी त्याला म्हटलं, पटकन घेऊन ये. किल्ली मी हातात दिली. दुकान चारशे मीटरवर.

वळणावर देवळातून परतणारे एक आजोबा होते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते नंतर चालले, पण काठीशिवाय कधीच नाही. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. विमा कंपनीने आजोबांना भरपाई दिली आणि ती रक्कम आमच्याकडून वसूल करायला घेतली, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. आम्ही ती भरतोय. ते न्याय्यच आहे.

मुलगा आता वीसचा आहे. वर्गातले सगळे मित्र गाडीवर येतात, हा बसने. त्याला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळणार नाही. त्याने मला एकदाही बोल लावला नाही. पण त्या आजोबांकडे तो दर महिन्याला जातो, आणि मला सोबत नेत नाही.

त्याने माझ्याकडे परवानगी मागितलीच नव्हती. मी न मागता दिली होती. अठरा_पूर्ण, तू दोन वर्षं थांबलीस, हे तुझ्या बाबांना कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं.

कोथरूडची_आई | ६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

ताई, हा प्रतिसाद मी मुलाला वाचायला दिला. वाचून तो काही बोलला नाही. आज क्लासला सायकल घेऊन गेला. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

फ्रीमाँटकर | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

मूळची कराडची, आता कॅलिफोर्नियात. इथे मुलाच्या वेळी जे केलं ते सांगते.

इथे साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परमिट मिळतं, पण अर्जावर पालकांची सही लागते. सही केली की मुलाने केलेल्या नुकसानीची आर्थिक जबाबदारी आपली. मूल अठराचं होईपर्यंत ती सही मागेही घेता येते, मग लायसन्स रद्द होतं. सही झाल्यावर मुख्य काम सुरू होतं. सहा तास प्रशिक्षकाबरोबर आणि वर पन्नास तास घरच्या मोठ्या माणसाबरोबर, त्यातले दहा रात्रीचे. निदान सहा महिने असं शिकल्यावर, सोळा पूर्ण असतील तर चाचणी. लायसन्स मिळाल्यावरही पहिलं वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही आणि विशीच्या आतल्या मित्रांना एकट्याने बसवून न्यायचं नाही.

ते पन्नास तास मी बसले. ज्या बाजूला ब्रेक नसतो त्या बाजूला. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सिग्नलला माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिसाव्या तासाच्या आसपास लक्षात आलं की पाय दाबला जात नाहीये. खरी परवानगी मी त्या दिवशी दिली, सही नुसती आधी झाली होती.

बाबांकडे लायसन्स मागू नकोस, तास माग. 'मला गाडी द्या' याला नाही म्हणणं सोपं असतं. 'रविवारी सकाळी एक तास माझ्यामागे बसा' याला नाही म्हणणं बापाला जड जातं.

काळा_कोट | ६ ऑगस्ट, रात्री ११:१०

फ्रीमाँटकर यांच्याशी सहमत, पण आपल्याकडची एक अट जोडतो. शिकाऊ लायसन्सवर दुचाकी चालवताना मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही बसवता येत नाही, आणि त्याच्याकडे स्वतःचं चालू लायसन्स हवं. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. म्हणजे शिकाऊ लायसन्स आधी, तास नंतर. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय शिक्क्याचं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

अठरा_पूर्ण | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

काका, तुमचा प्रश्न वाचून मी आईला विचारलं. आईने कपाटातलं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं पुस्तकी लायसन्स काढलं. २००१ चं. बाबांचा मिशा नसलेला फोटो. मुदत २०२१ ला संपलेली. चार वर्षं बाबा त्याच्याशिवायच चालवतायत. त्यांना माहीत आहे. आई म्हणाली, तेव्हा लॉकडाऊन होता, मग राहूनच गेलं, आणि आता पुन्हा चाचणी द्यावी लागेल असं कुणीतरी सांगितल्यापासून ते तो विषयच काढत नाहीत.

मला वाटत होतं त्यांना माझ्यावर भरवसा नाही. आता वाटतं, मला घेऊन त्या कचेरीत जायचं तर खिडकीवरचा माणूस "तुमचं कुठंय?" विचारेल आणि मी शेजारी उभी असेन, हे त्यांना नको असेल. मी त्यांना हे बोलून दाखवलेलं नाही. कसं बोलू?

यष्टीवाले_काका | १० ऑगस्ट, सकाळी ६:४०

बोलू नकोस. लायसन संपलं म्हणू नकोस, चुकलं म्हणू नकोस. दोन्ही कागद एकत्र ठेव आणि म्हण, "आपलं दोघांचं एकदमच करून घेऊ, मला फॉर्म भरता येतो." बाप मुलीला शिकवत आलाय, त्याला मुलीकडनं शिकायला थोडा वेळ लागतो. तेवढा दे.

काळा_कोट | १० ऑगस्ट, सकाळी १०:१५

प्रक्रिया अशी. पुस्तकी लायसन्सची आधी ज्या कार्यालयाने ते दिलं तिथे ऑनलाइन नोंद चढवून घ्यायची. मुदत संपून वर्षाच्या वर झालं असल्याने चाचणी पुन्हा द्यावी लागेल. चाळिशीच्या वर असल्याने डॉक्टरचं प्रमाणपत्र, फॉर्म १अ, लागेल. तुला फक्त फॉर्म १, तब्येतीचं स्वतःचं निवेदन. एजंट गाठू नका, तू भरू शकशील. आणि कटू आहे, तरी सांगतो : लायसन्स नूतन होईपर्यंत बाबांनीही गाडी चालवू नये.

अठरा_पूर्ण | २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

काकांनी सांगितलं तसंच केलं. दोन्ही कागद जेवणाच्या वेळी ताटाशेजारी ठेवले आणि तेवढंच एक वाक्य बोलले. बाबांनी पुस्तक उघडून फोटो बघितला, बंद केलं. त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

काल दुपारी मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. बाबांचा फोन आला. मागे विहिरीवरच्या मोटरचा आवाज. म्हणाले, "तो नंबर येतो म्हणतात तो कधी येणार? मी बांधावर आहे, इथं रेंज आहे."

मी घाईघाईने साइट उघडली, आधार नंबर टाकला, बटण दाबलं. बाबांनी सहा आकडे एकेक करून सांगितले. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितले, मी चुकू नये म्हणून.

आज परीक्षा दिली. शिकाऊ लायसन्स निघालं.

कोथरूडची_आई | २४ ऑगस्ट, रात्री ९:०५

अभिनंदन बाळा! डोळ्यांत पाणी आलं वाचून.

दोन_मुलींचा_बाप | २५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

अभिनंदन. काल रात्री थोरलीला विचारलं, तुझ्या आधारला नंबर कुणाचा आहे. ती म्हणाली, तुमचाच. पुढचं अजून बोललो नाही.

यष्टीवाले_काका | २५ ऑगस्ट, दुपारी १२:१५

आता ऐक. पहिले आठ दिवस गावच्या मैदानात नुसतं थांबायला शीक. पळायला कुणालाही येतं. वीसच्या वेगात दोन्ही ब्रेक एकत्र, पाय न टेकता गाडी उभी राहिली पाहिजे. मग चाचणीतला 'आठ', म्हणजे इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची. आठ पाडताना नजर चाकावर नको, जिथं जायचंय तिथं. मग फाट्यापर्यंतचा रस्ता, दिवसा. मग तोच संध्याकाळी. सातारा सगळ्यात शेवटी. आणि एकदा तरी गाडीवर न बसता दादासोबत मोठ्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभी राहून ट्रॅक्टर कसे वळतात ते बघ.

अठरा_पूर्ण | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय.

दादाकडे चालू लायसन्स आहे, त्यामुळे मागे तोच बसतो. बाबा मैदानाच्या कडेला उभे राहतात. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः दोन वेळा चुना टाकून आठ आखला, पहिला अरुंद झाला म्हणून पुसून पुन्हा. माझा पाय अजून डाव्या वळणावर टेकतो. बाबा रोज शेतावर सायकलने जातात. गावात लोक विचारतात, ते सांगतात, लायसन्स नवीन करायला टाकलंय.

बाबांची ऑनलाइन नोंद झाली, डॉक्टरचं प्रमाणपत्रही मिळालं. दोघांना चाचणीची एकच तारीख मिळाली, पुढचा गुरुवार. स्कूटर दादा साताऱ्याला घेऊन येणार. मी आणि बाबा सकाळी सव्वासातच्या एसटीने.